ॲप्रनचे नऊ पदर

दुकानदाराने विचारलं, "डॉक्टरचा का स्वयंपाकाचा?"

ॲप्रन म्हटलं की आपल्याकडे आधी मेडिकलच्या पोरांचा पांढरा कोट आठवतो, हे माझ्या लक्षातच नव्हतं. स्वयंपाकाचा, म्हटल्यावर त्याने वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. चकचकीत, पातळ, छातीवर केकचं चित्र. हात लावून बघितला तर रेनकोटच्या जातीचं कापड. चकलीच्या कढईसमोर हे घालून उभं राहायचं धाडस होईना. तशीच परत आले.

मला ॲप्रनची गरज पडली ती चकल्यांमुळेच. दोन दिवाळ्या झाल्या, ओळखीच्या लोकांच्या ऑर्डरी घेते. दर वेळी एक तरी कुर्ता कामातून जातो. तेलाचे शिंतोडे एक वेळ निघतात, पण कांदा-लसूण चटणीचा हात चुकून पोटावर पुसला गेला की तो डाग त्या कुर्त्याबरोबरच म्हातारा होतो. आईला हा प्रश्न कधी पडला नाही. पदर खोचला की झालं. हात पुसायला पदर, गरम पातेलं उतरवायला पदर, आमची नाकं पुसायलाही तोच. लग्नकार्यातले आचारी कमरेला पंचा गुंडाळतात. मी कुर्ता घालणारी, आणि ओढणी घेऊन गॅसजवळ जायची भीती वाटते. म्हणजे ना पदर, ना पंचा.

खरं तर लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे. मी इचलकरंजीची. या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि तेव्हापासून गावाच्या कानात खटखट बसली ती बसलीच. आमचे आप्पा तीस-बत्तीस वर्षं जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. लहानपणी मागाच्या आवाजाशिवाय झोप लागायची नाही. डोळ्यांदेखत मैलोगणती कापड निघालं, पण त्यातलं वीतभर कापड मी कधी कापलेलं नव्हतं. आईचं पायाचं शिवणयंत्र घरात होतं, त्यावर टीव्हीचा रिमोट आणि लाईटची बिलं ठेवायचो.

आई सध्या पुण्याला दादाकडे आहे, वहिनीच्या बाळंतपणासाठी. त्यामुळे माझे गुरू झाले तिघं. कापडाबद्दल आप्पा, मशीनबद्दल फोनवरून आई, आणि उरलेल्या सगळ्याबद्दल आमच्या गल्लीतल्या फॉल-पिकोवाल्या काकी. काकींचा पहिला सल्ला असा: "शंभर रुपये दे, संध्याकाळी येऊन घेऊन जा." मला स्वतः शिवायचाय, म्हटल्यावर माझ्याकडे जरा बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. सुया मात्र जास्तीच्या आणून ठेव."

कापड आप्पांनीच आणलं. त्यांच्या जुन्या मालकांच्या शेडमधून दोन मीटर ग्रे कापड, म्हणजे मागावरून उतरलेलं, न धुतलेलं, न रंगवलेलं, पिवळसर, जरा जाडसर सुती. पन्हा ३६ इंची. "दोन मीटर कशाला लागतंय? तंबू मारणार हाईस काय?" असं म्हणत त्यांनी ते माझ्यापुढे टाकलं. हाताला कडक लागत होतं, वास कांजीचा. मी लगेच कात्री घेतली, तर ओरडलेच. "अगं, आधी पाण्यातनं काढ की!"

इथे आप्पांनी जे सांगितलं ते मी बत्तीस वर्षं त्यांच्याच घरात राहून ऐकलं नव्हतं. मागावर चढायच्या आधी उभ्या धाग्याला सायझिंगमध्ये कांजी पाजतात, नाही तर धोट्याच्या, म्हणजे आडवा धागा घेऊन पळणाऱ्या लाकडी तुकड्याच्या, येण्याजाण्यात आणि फणीच्या घासण्यात तो तुटत राहतो. वर तो बीमवर, म्हणजे मागाच्या रुळावर, ताणून बसवलेला असतो. म्हणजे उभा धागा जन्मापासून ओढलेला. कापड पहिल्यांदा भिजलं, खळ निघून गेली की तो ढिला होऊन आपल्या मूळ लांबीकडे परत जातो. त्यामुळे कोरं सुती कापड लांबीत जास्त आटतं, पन्ह्यात कमी.

खरं-खोटं करून बघावं म्हणून मी पेन्सिलीने दोन रेघा मारल्या, एक उभी, एक आडवी, दोन्ही २० इंचांच्या. रात्रभर बादलीत भिजवलं, सकाळी पाणी गढूळ आणि बुळबुळीत. दोनदा खळबळून वाळवलं, इस्त्री केली, मोजलं. उभी रेघ १९ इंच, आडवी साडेएकोणीस. आप्पांना दाखवलं तर त्यांनी मान वर केली नाही. पेपर वाचत म्हणाले, "मग काय खोटं सांगतोय व्हय?" न भिजवता शिवला असता, तर पहिल्या धुण्यात गुडघ्यापर्यंतचा ॲप्रन दीड इंच वर सरकला असता, आणि शिलाईच्या दोऱ्यामुळे कडा चुरमुडल्या असत्या त्या वेगळ्याच.

खाका वर्तमानपत्रावर काढला. मोठं पान मधून दुमडायचं, दुमड म्हणजे पोटाची मधली रेघ. लांबी ३४ इंच. खाली आणि कमरेशी निम्मी रुंदी १४, वर छातीशी निम्मी साडेपाच. छातीच्या टोकापासून १० इंच खाली उतरलं की कंबर, आणि या दोन टोकांना जोडणारा बगलेचा गोलवा. तो हाताने चार वेळा काढला, चारही वेळा तो गोलवा कमी आणि घाटरस्ता जास्त वाटला. शेवटी स्टीलचं जेवणाचं ताट पालथं घालून त्याच्या कडेने पेन्सिल फिरवली. कागद कापून अंगाला लावून बघितला. हे फार उपयोगी पडलं, कारण आरशात कळलं की छातीचा भाग मी आधी इतका रुंद धरला होता की हात पुढे केला की कागद फाटत होता.

कागद कापडावर ठेवताना पुन्हा आप्पा. मला तो आडवा ठेवला तर कापड वाचतंय असं दिसत होतं. ते म्हणाले, "उभा धागा वरनं खाली जाऊ दे. अंगावर लोंबतंय त्या दिशेनं." किनार हाताला लावून बघितली की उभा धागा कळतो, तो किनारीला समांतर असतो. किनार कापून गेलेली असेल तर दोन्ही बाजूंनी कापड ओढायचं, ज्या बाजूला कमी ताणलं जातं ती बहुतेक वेळा उभी. आणि तिरपं ओढलं तर रबरासारखं येतं. हे तिरपं ओढणं मी तेव्हा गंमत म्हणून करून बघितलं. पुढे त्यानेच रडवलं.

आता मशीन. पट्टा सुकून सैल झाला होता, खालचं चाक फिरलं तरी वरचं चाक ढिम्म. आप्पांनी पट्ट्याची तारेची आकडी काढून पाऊण इंच पट्टा कापला आणि परत जोडला, तेवढ्या वेळात त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला. तेल घालायचं होतं. मी म्हटलं, खोबरेल आहे की घरात. माझ्याकडे असं बघितलं जसं मी देवघरात चपला घालून गेले. खोबरेल थंडीत थिजतं, नंतर चिकट होतं, मशीन जाम होतं. मशीनचंच तेल आणलं, सगळ्या भोकांतून थेंब थेंब घातलं, आणि चिंध्यांवर दहा मिनिटं नुसतं चालवलं. काळं तेल येत राहिलं. तेच पहिल्यांदा माझ्या कोऱ्या कापडावर आलं असतं.

आईचा हुकूम होता: दोन दिवस दोरा ओवायचाच नाही. वहीचं रेघांचं पान घ्यायचं, बिनदोऱ्याची सुई रेघेवर चालवायची. वाटलं, हे काय पोरखेळ. पहिल्या पानावर सुईची भोकं बघून मी गप्प बसले. पायाच्या मशीनचं खरं कसब पायातच आहे. थांबताना वरचं चाक हाताने धरायचं, सुरू करतानाही हातानेच आपल्याकडे ढकलायचं आणि मग पाय मारायचा. माझा पाय उलटा पडायचा, चाक मागे फिरायचं. कागदावर त्याने फक्त हसू येतं. दोरा असताना चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो किंवा खाली अडकतो.

तिसऱ्या दिवशी दोरा ओवला आणि चिंधीवर टीप मारली. वरून सुंदर. उलटं करून बघितलं तर खाली दोऱ्याचं घरटं. मी बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी रिळं, काढली, परत भरली, तिच्या डबीत, म्हणजे केसमध्ये, बसवली. पुन्हा घरटं. बॉबिन केसचा इवलासा स्क्रू पिळला. घरटंच. तासाभराने आईला व्हिडिओ कॉल लावला. तिला बराच वेळ फक्त आमच्या घराचा पंखा दिसत होता, मग माझी कोपरं, मग मशीन.

"पाय खाली घेतलास का?"

"पाय खालीच आहेत की माझे."

"तुझे नव्हेत गं, मशीनचा!"

कापड दाबून धरणारा जो पाय असतो तो मी वर ठेवूनच शिवत होते. तो वर असला की वरच्या दोऱ्यावरचा ताण सुटतो, दोरा हवा तेवढा खाली जातो आणि गोळा होतो. आईने सांगितलेलं वाक्य मी मशीनवर चिठ्ठी लिहून चिकटवलंय: खाली गुंता झाला तर वर बघ. टाका असा होतो की वरच्या दोऱ्याचा फास खालच्या बॉबिनभोवती फिरून येतो आणि वरची ओढ त्याला कापडाच्या मध्यात आणून घट्ट करते. वरची ओढच नसेल तर फास खालीच लोंबत राहतो. मी तासभर निरपराध बॉबिनला छळत होते. आप्पांना मागाचा धोटा माहीत, त्यामुळे त्यांना हे लगेच पटलं. "आमचा धोटा सूत घेऊन पळतोय, हितं सूत धोट्याला वळसा घालतंय. हाय की नाही?" असं म्हणून खाली वाकून ते बराच वेळ माझ्या मशीनचं पोट बघत बसले. शिवायचं राहिलं बाजूला.

प्रत्यक्ष शिवण्याबद्दल सांगायचं तर सरळ बाजूंना काही नाही. अर्धा इंच दुमडायचं, इस्त्री फिरवायची, परत अर्धा इंच दुमडायचं, परत इस्त्री, मग टीप. मी पहिल्या बाजूला इस्त्रीचा कंटाळा करून हातानेच दुमडत गेले, ती बाजू कुठे अर्धा इंच, कुठे पाव, आणि एके ठिकाणी दुमडच टिपेतून निसटलेली. दुसऱ्या बाजूला पाणी शिंपडून इस्त्री केली, टीप आपोआप सरळ आली. शिवण्याचा निम्मा वेळ इस्त्रीपाशी जातो हे कुणी आधी बोललं असतं तर मी इस्त्रीचं टेबल पंख्याखाली ठेवलं असतं.

बगलेचा गोलवा. इथे माझे दोन दिवस गेले. सरळ बाजूसारखाच दोनदा दुमडायला गेले तर कड पुरेना. आत वळलेल्या गोलव्याचं असं असतं की कापलेली कड आखूड असते आणि दुमडून तिला जिथे बसवायचं ती जागा लांब असते. मग मी ती ओढून ओढून बसवली. गोलव्यावर कापड तिरपं कापलं गेलेलं, आणि तिरपं कापड कसं ताणतं ते मी स्वतःच आदल्या आठवड्यात हसत हसत बघितलं होतं. टीप पूर्ण झाली तेव्हा बगलेला मस्त झालर आली होती. मी तसाच घेऊन काकींकडे गेले. त्यांनी बोटाने झालर सपाट करून बघितली, सोडली, ती परत उभी राहिली. "फ्रॉकला चालली असती," म्हणाल्या.

त्यांनीच तिरपी पट्टी शिकवली. १४ इंचांचा चौकोन कापून तो कर्णावर दुमडायचा, त्या दुमडीला समांतर दीड-दीड इंचाच्या पट्ट्या काढायच्या. ही पट्टी गोलव्याच्या सुलट बाजूवर कडेला कड लावून, न ओढता, पाव इंचावर शिवायची. मग शिलाईच्या बाहेरच्या कापडाला टिपेच्या अलीकडेपर्यंत बारीक कात्र्या मारायच्या, पट्टी उलट बाजूला वळवायची, तिची कड आत दुमडून पुन्हा टीप. कात्र्या मारताना माझा हात थरथरत होता, कारण एक कात्री टिपेच्या पलीकडे गेली की संपलं. पण त्या कात्र्यांमुळेच कड उघडते आणि गोलवा श्वास घेतो. झालर आलेली बगल आधी उसवली, पाणी शिंपडून इस्त्रीने दाबून दाबून जागेवर आणली. पूर्ण आली नाही. उजव्या बगलेला अजून हलकी लाट आहे, अंगात घातल्यावर दिसत नाही असं मी म्हणते.

खालची दुमड दीड इंचाची ठेवली होती, वजन पडून ॲप्रन खाली बसावा म्हणून. कडेने शिवत कोपऱ्याशी आले आणि 'टक्' झालं. सुईचं टोक गालाजवळून गेलं. चष्मा होता म्हणून बरं. मोजलं तेव्हा कळलं: बाजूची दुमड तीन पदरी, खालची दुमड तीन पदरी, दोन्ही जिथे एकावर एक येतात तिथे नऊ पदर. तेही जाड कापडाचे, आणि माझी सुई १४ नंबरची. त्याहून जाड १६ नंबर लावली, कोपऱ्यातलं आतलं जादा कापड तिरपं छाटलं, आणि तेवढे पाच-सहा टाके पाय न मारता चाक हाताने फिरवून घातले. सुई बसवताना ती कशीही फिरवून चालत नाही, हेही तेव्हाच समजलं. सुईच्या एका अंगाला लांब खाच असते, दोरा त्या बाजूने आत जायला हवा. उलटी बसवली तर टाकेच पडत नाहीत. दुसरी सुई मी उलटी बसवली होती. काकींच्या जास्तीच्या सुया तिथे कामी आल्या.

बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या, हे प्रकरण मला वाटलं होतं किरकोळ. उलट्या बाजूने नळी शिवायची आणि सेफ्टी पिन लावून सुलट करायची, असं शाळेत कधीतरी ऐकलेलं. पातळ कापडाला ठीक असेल. या जाड सुताच्या अरुंद नळीत पिन अर्ध्यावर जाऊन उघडली आणि आतच रुतली. ती नळी कापून पिन काढली, बंद गेला. मग सरळ मार्ग धरला: ३ इंच रुंदीची पट्टी, दोन्ही कडा मध्यरेघेला आणून इस्त्री, परत मधून दुमडून इस्त्री, पाऊण इंचाचा चार पदरी बंद तयार, कडेने टीप. कमरेचे दोन ३४-३४ इंचांचे, गळ्याचा २४ इंचांचा. गळ्याचा बंद शिवताना एक टोक पिळलेलं राहिलं ते दोन्ही टोकं पक्की केल्यावर दिसलं. उसवला. परत शिवला. घातला तर छातीचा तुकडा पोटावर, बंद फारच लांब. शेवटी एक टोक सोडवून तिथे बटण लावलं आणि बंदाला दोन काजं केली, एक माझ्यासाठी, एक आप्पांसाठी, कारण रविवारचा मटणाचा रस्सा तेच करतात. काजं हाताने केली. ती जवळून बघू नयेत.

खिसा सगळ्यात शेवटी लावला, ही चूक. कापड सपाट असताना आधी लावला असता तर सोपं गेलं असतं. आता बंद, कडा, सगळं सांभाळत मध्यावर ८ बाय ७ इंचांचा चौकोन बसवायचा होता. टाचण्या लावल्या, तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना मागे-पुढे तीन वेळा टीप घेतली, कारण खिसा फाटतो तो तिथूनच. आप्पा खुर्चीतून म्हणाले, "डावीकडं चढलाय." मी म्हटलं, तुम्हाला मागाची सवय, सगळं काटकोनात लागतं.

पहिल्यांदा घातला तो शनिवारी, दोन किलो भाजणीच्या चकल्यांना. संध्याकाळपर्यंत छातीवर तेलाचे ठिपके, खिशात चमचा आणि हिशोबाची चिठ्ठी, कुर्ता स्वच्छ. तशाच अवतारात आईला फोन लावला. तिने पुढून बघितला, गोल फिरायला लावलं, गळ्याचं बटण बघितलं. मग म्हणाली, "आता काढ आणि उलटी बाजू दाखव."

मी उलटी बाजू कॅमेऱ्यासमोर धरली. बराच वेळ काही बोलली नाही. मागे बाळ रडत होतं.

"तिरपी पट्टी बरी बसलीय. कोपरे पण चांगले आहेत. खिसा उसव. डावीकडे चढलाय."

"मी सांगितलं हुतं," आप्पा.

"आई, तेलाचे डाग पडलेत आता. वापरायला काढलाय."

"अर्धा इंच आहे. अर्ध्या तासाचं काम."

फोन चालूच होता तोवर आप्पा उठले, मोरीतल्या कपाटातून दाढीचं नवं ब्लेड काढलं, कागद सोलला आणि माझ्यासमोर ठेवलं.